ऑर्डर कुणाची, जबाबदारी कुणाची?

ढाक्याजवळच्या सावर इथं राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खालच्या मजल्यांवर दुकानं आणि एका बँकेची शाखा, वर कपडे शिवणारे पाच कारखाने. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या भिंतींना आणि खांबांना तडे गेले. पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यानं इमारत धोकादायक असल्याचं सांगितलं. बँकेनं आपल्या कर्मचाऱ्यांना परत पाठवलं, दुकानं बंद झाली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आलं. आला नाहीत तर पगार कापू, अशी तंबीही अनेकांना मिळाली. २४ तारखेला सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि नवाच्या सुमारास अख्खी इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. त्यांत बहुसंख्य तरुण बायका होत्या.

तडे बँकेतल्या माणसांना दिसले तसेच शिलाई कामगारांनाही दिसले होते. बाहेर उभं राहून ते आत जायला कां-कूं करत होते, हे वाचलेल्यांनीच पुढे सांगितलं. पण त्यांच्या मागे शिपमेंटची तारीख होती आणि महिनाअखेरचा पगार होता. पाचपैकी एकाही कारखान्यात कामगार संघटना नव्हती, त्यामुळे ‘आम्ही आत जाणार नाही’ असं सगळ्यांच्या वतीनं म्हणणारं कुणी नव्हतं. ढिगाऱ्यात जी लेबलं सापडली ती बेनेटन, मँगो, प्रायमार्क, जो फ्रेश अशा नावांची होती. यांतल्या एकाही कंपनीच्या मालकीचा त्या इमारतीत एक खांबही नव्हता.

मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या जगातल्या गरिबांचं शोषण करतात का, या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्याकडे आहेत. एक म्हणतं, करतात, आणि म्हणून त्यांना हाकला. दुसरं म्हणतं, त्या रोजगार देतात, त्या नसत्या तर ही माणसं आणखी गरीब राहिली असती. दोन्ही उत्तरांना सगळ्यांत भक्कम पुरावा बांगलादेशातच मिळतो. म्हणून या एका देशाच्या एका धंद्यात जरा खोल उतरायला हवं.

हा धंदा तिथं आला कसा? १९७४ पासून श्रीमंत देशांनी ‘मल्टिफायबर करार’ या व्यवस्थेखाली गरीब देशांतून येणाऱ्या कपड्यांवर देशवार कोटा लावला होता. दक्षिण कोरियासारख्या देशांचा कोटा भरत आला, तेव्हा ज्यांचा कोटा मोकळा होता अशा देशांचा शोध सुरू झाला. १९७९ मध्ये कोरियाच्या देवू कंपनीनं बांगलादेशातल्या ‘देश गारमेंट्स’ या नव्या कंपनीशी करार केला आणि तिच्या सुमारे १३० कर्मचाऱ्यांना कोरियात नेऊन शिकवलं. कापायचं कसं, लाइन कशी लावायची, दर्जा कसा तपासायचा, माल वेळेत बंदरावर कसा पोचवायचा, हे सगळं. पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी देश गारमेंट्स सोडली आणि स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. सरकारनं निर्यातीसाठी लागणारं कापड विनाशुल्क आणायची सोय केली, परदेशी ग्राहकाच्या पतपत्रावर कच्चा माल उधारीत घेता येईल अशी बँकव्यवस्था लावली. २००५ मध्ये कोटा पद्धत संपली तेव्हा चीन सगळं गिळून टाकेल अशी भीती होती. ती खोटी ठरली. आज या धंद्यात सुमारे ४० लाख माणसं आहेत आणि देशाच्या निर्यातीतला चार-पंचमांशाहून जास्त हिस्सा एकट्या तयार कपड्यांचा आहे.

या धंद्याचं ज्ञान एका परदेशी कंपनीमार्फतच आलं, हे विसरून चालणार नाही. या कारखान्यांत येणाऱ्या मुलींपुढे दुसरे पर्याय कोणते होते, तेही पाहायला हवं. हंगामी शेतमजुरी, शहरात कुणाच्या घरी राहून धुणीभांडी, किंवा लवकर लग्न. रेचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थशास्त्रज्ञांनी ढाक्याच्या आसपासच्या गावांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. कपडे कारखान्यांच्या टप्प्यातल्या गावांत मुली जास्त वर्षं शाळेत टिकल्या, त्यांची लग्नं उशिरा झाली आणि मुलंही उशिरा झाली, असं त्यांना आढळलं. मोजता-वाचता येणाऱ्या मुलीला कारखान्यात बरा पगार मिळतो हे आईबापांना दिसत होतं. बालविवाहाचं प्रमाण इतकं मोठं असलेल्या देशात हा बदल छोटा नाही. शोषणाविषयी बोलताना तो बाजूला सारणारा माणूस त्या मुलींशी न्यायानं वागत नाही.

कारखान्याची दारं नुसती बंद केली की काय होतं, तेही बांगलादेशानं पाहिलं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात बंद करण्याचं विधेयक अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी मांडलं. ते मंजूर होण्याआधीच कारखानदार घाबरले आणि त्यांनी सुमारे पन्नास हजार मुलांना कामावरून काढलं. ती मुलं शाळेत गेली नाहीत. युनिसेफच्या लोकांनी माग काढला तेव्हा त्यांतली कित्येक खडी फोडताना, रस्त्यावर फिरून माल विकताना आणि काही वेश्याव्यवसायात सापडली. त्यानंतर १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार केला आणि काढलेल्या मुलांसाठी शाळा व विद्यावेतनाची सोय झाली. पर्याय उभा न करता बहिष्कार टाकला तर त्याचा पहिला मार गरिबालाच बसतो.

तरीही ‘कारखाना आला म्हणजे गरिबाचं भलं झालं’ हे गृहीत धरता येत नाही. क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डेरकॉन यांनी इथिओपियात एक प्रयोग केला. पाच कारखान्यांत नोकरीसाठी अर्ज केलेल्या सुमारे हजार जणांतून काहींना चिठ्ठी टाकून नोकरी दिली, काहींना नोकरीऐवजी सुमारे ३०० डॉलर आणि छोट्या धंद्याचं प्रशिक्षण दिलं, उरलेल्यांना काहीच नाही. नोकरी मिळालेल्यांतल्या बहुतेकांनी ती वर्षभरातच सोडली. त्यांची कमाई इतरांपेक्षा वाढली नव्हती, आणि आरोग्याच्या गंभीर तक्रारी मात्र वाढल्या होत्या. पैसे मिळालेल्यांचं उत्पन्न सुरुवातीला वाढलं, पाच वर्षांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच झाले. म्हणजे नोकरी कशी आहे यावर सगळं अवलंबून आहे. नुसती आहे, एवढ्यानं भागत नाही.

मग ती ‘कशी आहे’ हे ठरतं कुठे? माझ्या मते शिलाईच्या लाइनीवर नाही, खरेदीच्या टेबलावर. युरोप-अमेरिकेतली ब्रँड कंपनी स्वतः कारखाना चालवत नाही. ती डिझाइन ठरवते, मग थेट किंवा बायिंग हाउस म्हणजे मध्यस्थ संस्थेमार्फत अनेक कारखान्यांकडून दर मागवते. एका शर्टाला किती मिनिटं लागतात, कापड किती, बटणं कुणाकडून घ्यायची, सगळं आधी ठरलेलं असतं. कापडाचा भाव कारखानदाराच्या हातात नसतो, जहाजाचं भाडं नसतं, विजेचा दर नसतो. उरते मजुरी आणि जागा. दर खाली ओढला की तो या दोन गोष्टींतूनच निघतो. मजुरी गोठते, ओव्हरटाइम वाढतो, तासाचं टार्गेट चढतं, पाच मजल्यांच्या परवानगीवर आठ मजले उभे राहतात. माल उशिरा झाला तर दंड किंवा विमानभाडं कारखानदाराच्या माथी. ज्यांनी जादा ऑर्डर घेतली आहे ते दुसऱ्या, आणखी कोंदट शेडला काम देतात. त्या शेडचं नाव ब्रँडच्या कागदावर कुठेच नसतं.

आकडा पाहू. कॅनडात १४ डॉलरला विकल्या जाणाऱ्या बांगलादेशी पोलो शर्टाचा हिशेब ओ’रूर्क ग्रुप पार्टनर्स या सल्लागार संस्थेनं २०११ मध्ये मांडला होता. कापड आणि इतर सामान ३.६९ डॉलर, वाहतूक आणि विमा १.०३, कारखानदाराचा नफा ५८ सेंट, मध्यस्थाचे १८ सेंट, कारखान्याचा इतर खर्च ७ सेंट. शिवणाऱ्या कामगाराच्या वाट्याला १२ सेंट. एकूण ५.६७ डॉलरला पडलेला शर्ट १४ डॉलरला विकला जातो. कामगाराची मजुरी दुप्पट केली आणि तो भार सरळ ग्राहकावर टाकला, तर शर्ट १४ डॉलर १२ सेंटला मिळेल. एक टक्काही वाढ नाही.

इतकं स्वस्त असूनही ते होत नाही. कारण एकट्या कारखानदारानं मजुरी वाढवली तर ऑर्डर शेजारच्याला जाते. एकट्या देशानं वाढवली तर शेजारच्या देशाला जाण्याची धमकी येते. इथिओपियाच्या हवासा औद्योगिक वसाहतीत २०१९ च्या सुमारास मूळ पगार महिन्याला २६ डॉलर होता. बांगलादेशात तेव्हा किमान पगार ९५ डॉलरच्या आसपास होता. ही धमकी पोकळ नाही हे ढाक्यातल्या प्रत्येक कारखानदाराला माहीत असतं.

ब्रँड कंपन्यांचं यावरचं जुनं उत्तर म्हणजे ऑडिट. आचारसंहिता छापायची, तपासनीस पाठवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं. राणा प्लाझातल्या दोन कारखान्यांचं असं ऑडिट झालेलं होतं. इमारत किती मजबूत आहे हे तपासणं त्या ऑडिटच्या कक्षेतच नव्हतं. राणा प्लाझा कोसळण्याच्या सात महिने आधी, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले होते. मुख्य ग्राहक होती किक ही जर्मन कंपनी. आग खंडणीसाठी लावण्यात आली होती, असा निकाल पुढे पाकिस्तानातल्या न्यायालयानं दिला. पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या, म्हणून आतली माणसं आतच राहिली. या कारखान्याला सुरक्षित कामाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आगीच्या काही आठवडे आधीच मिळालं होतं. तपासणाऱ्याचं बिल ज्याची तपासणी व्हायची तोच भरत असेल आणि निष्काळजीपणाबद्दल तपासणाऱ्यावर कुणी खटला भरू शकत नसेल, तर प्रमाणपत्र कामगाराचा जीव वाचवत नाही, कंपनीचं नाव वाचवतं.

राणा प्लाझानंतर काहीतरी वेगळं घडलं, आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग मला तोच वाटतो. मे २०१३ मध्ये ‘अकॉर्ड’ नावानं ओळखला जाणारा आग आणि इमारत सुरक्षेचा करार झाला. एका बाजूला ब्रँड कंपन्या, ज्यांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. दुसऱ्या बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी हे जागतिक कामगार महासंघ व बांगलादेशातल्या संघटना. करार कायद्यानं बंधनकारक होता. तपासणी स्वतंत्र अभियंते करणार, अहवाल जाहीर होणार, दुरुस्तीचा खर्च परवडेल अशी व्यवस्था ब्रँडनं करायची आणि दुरुस्ती नाकारणाऱ्या कारखान्याकडून माल घेणं बंद करायचं. ब्रँडनं शब्द पाळला नाही तर संघटना थेट लवादाकडे जाऊ शकत होत्या.

पहिल्या फेरीत १,१०६ कारखाने तपासले गेले आणि ८० हजारांहून जास्त त्रुटी सापडल्या. कुलपं लागलेली संकटकाळची दारं, वाकलेले खांब, क्षमतेपेक्षा जास्त माल रचलेले मजले, उघड्या तारा. काही इमारती तिथल्या तिथं रिकाम्या कराव्या लागल्या. ही सगळी ठिकाणं त्याआधी जगातल्या नामवंत कंपन्यांना माल पुरवत होती आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ऑडिट होऊन गेली होती. लवादाचं कलम नुसतं कागदावर राहिलं नाही. संघटनांनी दोन ब्रँड कंपन्यांना द हेगच्या लवादासमोर उभं केलं. त्यांतल्या एकीनं जानेवारी २०१८ मध्ये तडजोड करून २३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातला बहुतेक पैसा दीडशेहून अधिक कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होता. वॉलमार्ट आणि गॅप या कंपन्या अकॉर्डमध्ये आल्या नाहीत. त्यांनी ‘अलायन्स’ नावाची वेगळी व्यवस्था केली. तिनंही दुरुस्त्या करून घेतल्या, पण कामगार संघटनांना त्यात बरोबरीची सही नव्हती.

इतका बोजा पडल्यावर धंदा पळून जाईल, असं भाकीत अनेकांनी केलं होतं. २०१२-१३ मध्ये बांगलादेशची तयार कपड्यांची निर्यात सुमारे साडेएकवीस अब्ज डॉलर होती. २०१८-१९ मध्ये ती ३४ अब्जांवर गेली. त्याच काळात किमान पगार महिन्याला ३,००० टाकांवरून आधी ५,३०० आणि मग ८,००० टाका झाला. कामगाराच्या जिवाची हमी मागितली म्हणून कंपन्या निघून गेल्या नाहीत. दर वेळी दाखवली जाणारी भीती एवढी खरी नव्हती.

मात्र अकॉर्डनं खांब सावरले, भाव सावरले नाहीत. तेव्हा पेन स्टेट विद्यापीठात असलेले मार्क ॲनर यांनी दाखवून दिलं की राणा प्लाझानंतरच्या पाच वर्षांत ब्रँड कंपन्या बांगलादेशी पुरवठादारांना देत असलेला भाव सुमारे १३ टक्क्यांनी घसरला. एका हातानं सुरक्षेची मागणी आणि दुसऱ्या हातानं तिचाच खर्च काढून घेणं, असा हा प्रकार. मार्च २०२० मध्ये तर बुरखाच फाटला. कोविडमुळे दुकानं बंद पडताच तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द किंवा स्थगित झाल्या. त्यांत शिवून तयार असलेला माल होता आणि कापड कापून झालेला मालही होता. या धंद्यात कच्चा माल कारखानदार स्वतःची पत वापरून आणतो आणि ब्रँडचे पैसे माल पोचल्यावर कित्येक आठवड्यांनी येतात. त्यामुळे ऑर्डर रद्द होताच सगळा तोटा खाली घरंगळत गेला आणि लाखो कामगारांना पगाराविना घरी जावं लागलं. जगभर ओरड झाल्यावर अनेक कंपन्यांनी तयार मालाचे पैसे द्यायचं मान्य केलं. मालकी नाही म्हणून जबाबदारी नाही, पण तोटा ढकलायचा हक्क मात्र आहे, हे त्या वसंतात सगळ्यांना दिसलं. शोषण म्हणतात ते मी यालाच म्हणेन.

यात बांगलादेशी सत्ताधारी आणि कारखानदार निर्दोष नाहीत. कित्येक वर्षं तिथल्या संसदेत कपडे कारखानदार मोठ्या संख्येनं होते. २०१० मध्ये कारखाना पट्ट्यासाठी खास औद्योगिक पोलिस दल उभं राहिलं. २०१२ मध्ये कामगार संघटक अमिनुल इस्लाम यांचा छळ करून खून झाला. २०२३ च्या शेवटी कामगारांनी २३,००० टाका किमान पगार मागितला, १२,५०० मिळाला आणि त्या आंदोलनात चार कामगार मेले. परदेशी कंपनीला स्वस्त आणि मुकाट मजूर हवा असतो. तो मुकाट ठेवायचं काम देशी हात करतात.

ही साखळी मराठी वाचकाला अनोळखी वाटायचं कारण नाही. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर सविस्तर वृत्तांत छापला. कोका-कोला आणि पेप्सिकोला साखर पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या बायका उचलीच्या कर्जात कशा अडकतात, अल्पवयात लग्न होऊन ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, पुरा करण्यासाठी फडावर कशा येतात, हे त्यात होतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या त्रासामुळे खाडा झाला की पैसे कापले जातात, ही त्यामागची एक बाजू. शीतपेयाची कंपनी म्हणते आम्ही साखर घेतो, साखर कारखाना म्हणतो आम्ही ऊस घेतो, मजूर ते आणणाऱ्या मुकादमाचे आहेत. मुकादमाचा तर कागदच नसतो. ही कामगार बाई कुणाकडेच नोकरीला नाही, आणि तिच्या श्रमावर सगळ्यांचं चालतं. यात आपल्या सहकारी चळवळीचा, आपल्या पुढाऱ्यांचा वाटा परदेशी कंपनीपेक्षा मोठा आहे, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे.

जबाबदारी साखळीच्या वरच्या टोकापर्यंत नेण्याचे प्रयत्न आता कायद्यांतून सुरू आहेत. फ्रान्सनं २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडे लक्ष ठेवण्याचं कर्तव्य घातलं. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला. २०२४ मध्ये युरोपीय संघानं तसाच निर्देश मंजूर केला, पण २०२५ मध्ये उद्योगांच्या दबावाखाली त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि तो सौम्य करायला घेतला. भारतात असा कायदा नाही. अकॉर्ड मात्र जिवंत आहे. २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय झाला आणि २०२३ पासून पाकिस्तानातही आहे.

आपल्या मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही बांगलादेशात शिवलेले कपडे मिळतात. ते घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. ऑर्डर बंद पडली तर सावर-गाझीपूरच्या कारखान्यांतल्या मुली कुठे जातील, हे हार्किन यांच्या विधेयकानं दाखवलं आहे. घेणाऱ्यानं एवढं मात्र पाहावं की ती कंपनी आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी जाहीर करते का, आणि अकॉर्डसारख्या बंधनकारक करारावर तिची सही आहे का. यादी नसेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र पाठवून मागावी. आणि साखरेच्या बाबतीत पत्र परदेशी पाठवायचीही गरज नाही. आपल्या तालुक्यातल्या कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून विचारा की तोडणी कामगारांची नोंद कुणाच्या वहीत आहे.